अंगठा बाळाचा, चोखणी आपली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या कुटुंब पुरवणीत गेले दोन रविवार तान्ह्या बाळाने अंगठा चोखावा की त्याला चोखणी द्यावी, यावर वाचकांची मते छापून येत आहेत. एका ताईंनी लिहिले आहे की अंगठ्याने दात पुढे येतात आणि हाताची घाण पोटात जाते, म्हणून जन्मल्यापासूनच चोखणी लावावी. चोखणी पुढे टाकून देता येते, अंगठा थोडाच टाकता येतो? दुसऱ्या पत्रातील आजोबांनी दोन्हींना वाईट खोड ठरवून अंगठ्याला कडुनिंबाचा रस चोळण्याचा उपाय सांगितला आहे. मी जिल्ह्याच्या ठिकाणी ३१ वर्षे परिचारिकेची नोकरी केली आणि त्यातली बहुतेक वर्षे नवजात बाळांच्या विभागात गेली. त्या अनुभवावरून ताईंचा मुद्दा मला अर्धा बरोबर वाटतो. आजोबांचा उपाय मी स्वतःच्या घरी करून पाहिला आहे, त्याविषयी पुढे लिहितेच.

चोखायला बाळाला कोणी शिकवत नाही. पोटातले बाळ अंगठा तोंडात घालते, हे सोनोग्राफीच्या पडद्यावर आता कितीतरी आयांनी पाहिलेले असते. काही बाळे तर जन्मतःच मनगटावर किंवा बोटावर चोखून आलेला लहानसा फोड घेऊन येतात, आणि तो पाहून घरची मंडळी ‘सिस्टर, बाळाला कुठे भाजलं का?’ असे घाबरून विचारतात. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्हींचा मेळ मात्र गरोदरपणाच्या साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला दूध नळीने पोटात द्यावे लागते. अशा तेराशे-चौदाशे ग्रॅमच्या जिवाला नळीतून दूध उतरत असताना आम्ही हातमोजा घातलेली करंगळी, नखाची बाजू जिभेकडे ठेवून, अलगद त्याच्या ओठांत देत असू. सुरुवातीला काहीच होत नाही. मग जिभेची पन्हळ होते, ती करंगळीला खालून धरते, दोन-तीन ओढी घेते, थांबते, श्वास घेते आणि पुन्हा ओढते. ती ओढ पहिल्यांदा बोटाला जाणवली की रात्रपाळीचा शीण उतरत असे. पोटात दूध जात असताना असे नुसते चोखायला मिळालेली अपुऱ्या दिवसांची बाळे लवकर तोंडाने पिऊ लागतात आणि लवकर घरी जातात, असे अभ्यासांतही दिसले आहे. त्यासाठी अनेक ठिकाणी अगदी लहान आकाराची चोखणी वापरतात. तेव्हा चोखणी म्हणजे सरसकट विष, असे म्हणणाऱ्यांत मी नाही.

आपल्या पूर्वजांनाही हे ठाऊक असावे. महाभारताच्या वनपर्वात युवनाश्व राजाच्या कुशीतून एक मूल जन्माला येते. त्याला आई नाही, मग हे पिणार काय, असा प्रश्न देवांना पडतो, तेव्हा इंद्र ‘हा मला पिईल’ अशा अर्थाचे शब्द उच्चारून आपली तर्जनी त्याच्या तोंडात देतो आणि त्या शब्दांवरूनच त्या मुलाचे नाव मांधाता पडते. वटपत्रावर पहुडलेला बालमुकुंद तर पायाचा अंगठा चोखताना दाखवतात आणि आपण त्याच्यापुढे हात जोडतो. घरातल्या बाळाने हाताचा अंगठा तोंडात घातला की मात्र ‘शी’ म्हणून तो ओढून काढतो.

आता जन्मल्यापासून चोखणी लावण्याविषयी. बाळ मूठ तोंडाकडे नेते, ओठ चाटते, मान इकडेतिकडे फिरवून शोधू लागते, ही त्याची भूक लागल्याची पहिली खूण असते. रडणे ही शेवटची खूण. रडून लाल झालेले बाळ धड अंगावर लागतही नाही. पहिल्या काही दिवसांत जितके वेळा बाळ ओढेल, त्या प्रमाणात आईचे दूध उतरते. त्या दिवसांत भुकेची पहिली खूण दिसताच तोंडात चोखणी गेली, तर बाळ रबर ओढून दमते, झोपते, आणि आईच्या दुधाला मागणीच पोहोचत नाही. मला एक प्रसंग लख्ख आठवतो. बाळंतपण होऊन घरी गेलेली एक मुलगी पाचव्या दिवशी सासूबाईंबरोबर तपासणीला आली. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, ‘इतकं शहाणं बाळ आहे, रडतच नाही.’ बाळाच्या तोंडात निळी चोखणी होती. वजनकाट्यावर ठेवले तेव्हा जन्मवजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक घट दिसली. पहिल्या दिवसांत थोडे वजन प्रत्येक बाळाचे उतरते, पण इतके उतरणे काळजीचे. सकाळपासून लंगोट किती वेळा बदलला, असे विचारल्यावर दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या. पाचव्या दिवशी बाळाने दिवसभरात सहा वेळा तरी लघवी करायला हवी. याने एकदाच केली होती. त्या बाळाचे शहाणपण म्हणजे ग्लानी होती. चोखणी काढून, आईला टेकून बसवून, दर दोन तासांनी अंगावर लावल्यावर दोन दिवसांत ते बाळ चांगले टाहो फोडून रडू लागले आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ मध्ये स्तनपानाच्या यशासाठी जी दहा पावले सांगितली, त्यातले नववे पाऊल अंगावर पिणाऱ्या बाळाला चोखणी किंवा कृत्रिम बोंडे देऊ नयेत, असे होते. २०१८ मध्ये ते बदलले आणि बाटली, बोंडे व चोखणी यांचा वापर आणि धोके आईला समजावून सांगावेत, असे झाले. हा बदल मला योग्य वाटतो, कारण नुसती बंदी घातली की आया लपवून वापरतात आणि मग विचारायलाही येत नाहीत. पण समजावून सांगायला माणूस लागते. आपल्याकडे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशात जन्मल्यापासून तासाभरात अंगावर पाजलेल्या बाळांचे प्रमाण ४१.८ टक्के होते, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळांपैकी निव्वळ अंगावरच्या दुधावर असणारी ६३.७ टक्के. ज्या देशात निम्म्याहून अधिक बाळांना पहिल्या तासात आईचे दूध मिळत नाही, तेथे पहिल्या दिवसापासून रबर चोखायला देण्याचा सल्ला वर्तमानपत्रातून जावा, याचे मला वाईट वाटले.

ताईंच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००५ पासून झोपेच्या वेळी चोखणी देऊन पाहावी असे सुचवले आहे, कारण झोपेत अचानक होणाऱ्या अर्भकमृत्यूंचे प्रमाण चोखणी वापरणाऱ्या बाळांत कमी आढळले. ते नेमके कशामुळे होते, याचा उलगडा झालेला नाही. पण त्याच सल्ल्यात बाळाला पाठीवर झोपवावे, अंगावर पिणे नीट जमल्यावरच चोखणी द्यावी, बाळाने ती नको म्हटली तर सक्ती करू नये आणि झोपेत गळून पडली तर पुन्हा तोंडात कोंबू नये, असेही सांगितले आहे. ही पुढची वाक्ये आपल्याकडे येईपर्यंत गळून पडतात.

आणि मग येतो स्वच्छतेचा मुद्दा, ज्यावर ताईंचा सगळा भर आहे. गेल्याच महिन्यात एसटीत माझ्या शेजारी बसलेल्या बाईंच्या मांडीवरच्या बाळाची चोखणी खाली पडली. ती पायांमधून घरंगळत पुढच्या बाकाखाली गेली, तेथे शेंगांची टरफले आणि कोणाची तरी ओली चप्पल होती. बाईंनी वाकून ती काढली, पदराला पुसली, आणि बाळाच्या तोंडात दिली. मी काही बोलले नाही. गाडीत उकळते पाणी आणणार कोठून? बाळाचा अंगठा निदान बाकाखाली घरंगळत जात नाही, आणि तो धुवायला साधे पाणी व साबण पुरतो. चोखणी वापरायची तर ती उकळून घ्यावी, जवळ दोन-तीन असाव्यात, रबर चिकट झाले किंवा चिरले की फेकून द्यावी. तिला दोरी बांधून गळ्यात अडकवणे तर जिवावर बेतू शकते. जत्रेत मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या खुळखुळ्याच्या टोकाला जे बोंड असते, तेही चोखायला देऊ नये. मधाचे बोट किंवा मधात बुडवलेली चोखणी देण्याची आपल्याकडे हौस आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम नावाचा, अंग लुळे करणारा आजार होऊ शकतो. अमेरिकेत टेक्सासमध्ये २०१८ साली मध भरलेल्या चोखण्यांमुळे चार बाळे या आजाराने रुग्णालयात दाखल झाली होती.

कानाचेही आहे. फिनलंडमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही पालकांना चोखणी फक्त झोप लागेपर्यंतच द्यायला शिकवले, तर त्यांच्या मुलांमध्ये मधल्या कानाचा संसर्ग २९ टक्क्यांनी कमी झाला. दिवसभर तोंडात चोखणी आणि झोपताना चोखणी, यांत एवढा फरक पडतो.

दातांविषयी ताईंची भीती खरी आहे, पण ती लागू होते ती पुढच्या वयाला. बहुतेक मुले दोन ते चार वर्षांच्या दरम्यान अंगठा आपोआप सोडतात. त्यानंतरही जोरात चोखणे चालू राहिले तर वरचे पुढचे दात बाहेर येतात, तोंड मिटले तरी दातांच्या मध्ये फट राहते, टाळू अरुंद होते. चोखणी जास्त वर्षे चालली तर तिच्यामुळेही दातांची ठेवण बिघडते. दाढा एकमेकींवर तिरप्या बसण्याचे प्रमाण तर चोखणीने अधिक असते. दात यायच्या आत अंगठा ओढून काढण्यात दातांचे काहीच भले नाही. गंमत म्हणजे न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे हजारावर मुलांचा जन्मापासून मागोवा घेणाऱ्या अभ्यासात, अंगठा चोखणाऱ्या किंवा नखे कुरतडणाऱ्या मुलांत तेराव्या वर्षी त्वचेच्या चाचणीत ॲलर्जी कमी निघाली, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले. दमा किंवा नाक गळण्याच्या त्रासात फरक पडला नाही, आणि म्हणून मुलांना मुद्दाम अंगठा चोखायला लावा असे कोणी म्हटलेले नाही. पण ‘हाताची घाण’ हा शब्द वापरताना जरा दमाने घ्यावे, एवढे त्यावरून वाटते.

आता आजोबांचा कडुनिंब. माझा मुलगा तीन वर्षांचा असताना अंगठा चोखत असे. शेजारणी टोचून बोलत, ‘नर्सबाईंचं पोरगं आणि अंगठा चोखतंय.’ मी आधी कडुनिंब लावला, तो त्याने चाटून टाकला. मग कोरफड लावली. शेवटी एका संध्याकाळी, दिवसपाळीहून दमून आल्यावर, त्याच्या अंगठ्याला हिरवी मिरची चोळली. त्याने अंगठा तोंडात घातला, ओरडला, आणि रडता रडता त्याच हाताने डोळे चोळले. पुढचा अर्धा तास मी त्याचे डोळे पाण्याने धूत होते. मी दुसऱ्यांच्या बाळांना करंगळी चोखायला देत होते आणि स्वतःच्या मुलाला मिरची. त्याची धाकटी बहीण तेव्हा दोन महिन्यांची होती आणि दिवसभर तो आजीजवळ असे. अंगठा तो कधी चोखतो, हे मी कधी पाहिलेच नव्हते. नंतर पाहिले, तर मी घरातून निघण्याच्या वेळी आणि झोपताना, एवढेच. सकाळी निघताना त्याच्या हातात माझी जुनी किल्ली ठेवायची, रात्री बहिणीला सासूबाईंकडे देऊन दहा मिनिटे त्याच्याजवळ आडवे व्हायचे, असे सुरू केले. पाच-सहा महिन्यांत तो अंगठा विसरला. चार वर्षांनंतरही सवय राहिली असेल तर दंतवैद्यांना दाखवावे. त्यांच्याकडे उपाय आहेत आणि त्यात मिरची नाही.

राहिला ताईंचा प्रश्न, अंगठा टाकता येत नाही याचे काय? खरे आहे, अंगठ्याची सवय सोडवणे चोखणीपेक्षा अवघड जाते. मात्र अंगठा बाळ स्वतः तोंडात घालते आणि भूक लागली की तो काढून रडू लागते. चोखणी घालतो आपण, पुष्कळदा आपल्याला झोप हवी असते किंवा पाहुणे आलेले असतात म्हणून. त्यात गुन्हा नाही, रात्रभर जागलेल्या आईला कोण नावे ठेवील? फक्त ती तोंडात देण्याआधी लंगोट ओला आहे का आणि बाळ शेवटचे कधी प्यायले, एवढे पाहावे.

माझी विनंती एवढीच आहे की ताईंच्या पत्रातील ‘जन्मल्यापासूनच’ हा शब्द पुढच्या रविवारी पुरवणीत दुरुस्त करून छापावा. पहिले तीन-चार आठवडे, बाळ नीट अंगावर पिऊ लागून त्याचे वजन वाढू लागेपर्यंत, चोखणी देऊ नये, असे तेथे चार ओळींत यावे. आपली पुरवणी बाळंतिणीच्या खोलीतही वाचली जाते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, सातारा