दशावताराला पैसा कार्तिकाआधी लागतो

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय: सिंधुदुर्गातील दशावतारी मंडळ्यांचं अर्थकारण

महोदय,

सप्रेम नमस्कार.

अनुदान वाढवा, अशी पत्रं आपल्याकडे पुष्कळ येत असतील. आमचं म्हणणं वेगळं आहे. रक्कम आहे तेवढीच राहिली तरी चालेल, पण ती दसऱ्याच्या आत मंडळीच्या खात्यात जमा करा. जत्रांतून रात्रभर पौराणिक आख्यानं करणारी दशावतारी मंडळी बुडते ती प्रेक्षक नाहीत म्हणून नव्हे. जत्रेत आजही मांडासमोर, म्हणजे खेळाच्या जागेसमोर, पहाटेपर्यंत माणसं बसतात. मंडळी बुडते ती उचलीच्या, म्हणजे कलाकारांना आगाऊ द्यायच्या रकमेच्या, व्याजात.

हंगाम कार्तिकात सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो. कलाकार मंडळीशी बांधला जातो तो त्याआधी, भाद्रपद-आश्विनात, आणि तो उचल घेऊनच बांधला जातो. एक हिशेब मांडतो. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. दहा कलाकारांना प्रत्येकी ३०,००० रुपये उचल दिली, तर मालकाला पहिली नाईट होण्याआधी तीन लाख उभे करावे लागतात. बँक विचारते, तारण काय? पेटाऱ्यातले किरीट आणि जुने शालू बँकेत चालत नाहीत. मग महिना तीन टक्क्यांनी खाजगी कर्ज निघतं. सात महिन्यांचं व्याज होतं ६३,००० रुपये. हंगामात १२० प्रयोग झाले, तर प्रत्येक प्रयोगामागे ५२५ रुपये रंग लावायच्या आधीच गेले. हा पैसा गणपती होणाऱ्या नटाला नाही, संकासुर होणाऱ्याला नाही, पखवाजवाल्यालाही नाही. हंगाम संपल्यावर आलेलं अनुदान हे व्याज भरून काढत नाही, ते फक्त जुनी थकबाकी मिटवतं. पुढच्या भाद्रपदात तोच सावकार, तोच दर.

याच कारणाने चांगले नट सुटतात. वेगवेगळ्या मंडळ्यांतले नट एकत्र आणणारा ‘संयुक्त दशावतार’ एका रात्रीला रोख पैसे देतो, त्यामुळे नाव झालेला राजा किंवा स्त्रीपार्टी (स्त्रीभूमिका करणारा नट) तिकडे जातो. त्याला दोष देता येत नाही. पण जत्रेतल्या मंडळीला ऐन वेळी नवा माणूस उभा करावा लागतो. इथे संहिता नसते. आख्यान ठरतं आणि संवाद मांडावर जागच्या जागी सुचतात. समोरचा नट रोजचा नसला की जुगलबंदी तुटते, आख्यान रेंगाळतं आणि पुढच्या वर्षी गाव दुसरी मंडळी बघतं. दोन वर्षांत ठरलेल्या जत्रा हातच्या गेल्या की मंडळी संपते.

त्यावर कोरोनाचा घाव बसला. मार्च २०२० मध्ये देवळं बंद झाली ती १६ नोव्हेंबरला उघडली; एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली ती ७ ऑक्टोबरला उघडली. दोन्ही वेळा हंगामाचा शेवटचा, म्हणजे उचल फेडायचा काळ गेला. त्या कर्जाचं ओझं नव्या हंगामांवर चढत गेलं.

दुसरी गोष्ट पेटाऱ्याची. आपल्या खात्यात ती फारशी कुणी बोलत नसेल, म्हणून सविस्तर लिहितो. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जूनमध्ये पेटारा बंद झाला की मखमलीवर बुरशी धरते, बेगड काळवंडतं, जर तुटते. सर्वांत आधी जातं ते अस्तर, कारण हंगामभराचा घाम त्यात मुरलेला असतो. पायपेटीच्या भात्याला भेगा पडतात, सुरांच्या पट्ट्या गंजतात, पखवाजाची पुडी सैल पडते. यावर उपाय साधा आहे. अस्तर उसवून धुवायचं आणि कडकडीत वाळवूनच परत शिवायचं. पेटारे जमिनीपासून फूटभर वर, भिंतीला न टेकता ठेवायचे. उघाडी मिळाली की ऊन दाखवायचं. पण मंडळीच्या मालकाचं घर लहान असतं आणि पेटारे पडवीत राहतात. प्रत्येक तालुक्यात एक कोरडी, सामायिक खोली आणि पावसाळ्यात तिथे काम करणारा एक शिंपी, एवढं केलंत तर कपडेपटाचं आयुष्य वाढेल. नव्या कपडेपटासाठी दिलेल्या पैशांपेक्षा हा पैसा जास्त टिकेल, असं आमचं ठाम मत आहे.

तिसरी अडचण आवाजाची. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकारला वर्षातले फार तर १५ दिवस, तेही १२ पर्यंतच, सूट देता येते. आणि दहीकाला, म्हणजे जत्रेतला दशावताराचा खेळ, सुरू होतो तोच पालखीची प्रदक्षिणा आटोपल्यावर, बऱ्याच ठिकाणी मध्यरात्रीच्या सुमारास. पालखी अलीकडे ओढा असं गावाला सांगता येणार नाही आणि पोलिसांनी नियम मोडू द्यावा असंही आम्ही म्हणत नाही. दशावतार पिढ्यान्‌पिढ्या माईकशिवायच झाला. एक बाकडं, तीन बाजूंनी माणसं आणि नटाचा खडा आवाज यावर आख्यान चालतं. बिघाड होतो तो शेजारच्या दुकानांच्या जनरेटरमुळे आणि प्रेक्षकांना दूर ठेवणाऱ्या उंच स्टेजमुळे. विनामाईक प्रयोगाला प्रयोगामागे जास्त अनुदान द्या आणि जत्रेच्या परवानगीतच मांडापासून जनरेटर किती लांब हवा ते लिहा.

सिंधुदुर्गातली अनेक देवस्थानं पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या अखत्यारीत आहेत. जत्रेचा प्रयोग दसऱ्यापर्यंत लेखी ठरवून चौथाई रक्कम आगाऊ द्यावी, एवढं समितीकडून करवून घ्या. असा करार हातात असेल तर जिल्हा बँकेलाही तारण म्हणून काही दाखवता येईल. शेजारी कर्नाटकात कटीलसारखी देवस्थानं यक्षगान या लोकनाट्याचे मेळे (मंडळ्या) स्वतः चालवतात आणि भाविक नवसाचे प्रयोग कित्येक वर्षं आधी नोंदवतात. तिथल्या कलाकाराला पुढच्या हंगामाची कामं आधीच माहीत असतात.

शिकणाऱ्या मुलांसाठी दहा दिवसांची शिबिरं नकोत. संकासुराची मालवणी आणि राजाचं पल्लेदार भाषण शिबिरात येत नाही. मुलगा अख्खा हंगाम मंडळीबरोबर फिरला, आड दशावतारात, म्हणजे आख्यानाआधीच्या भागात, रिद्धी-सिद्धी झाला, झांज धरली, तरच तो तयार होतो. त्या सहा-सात महिन्यांची विद्यावृत्ती थेट मुलाच्या खात्यात द्या.

‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ असं इथे म्हणतात. आता बोजा टेम्पोत असतो, पण चालक रात्रभर जागा असतो आणि मंडळी झोपेत घाट उतरते. अनुदानाच्या अटीत अपघात विमा आणि दोन चालक बंधनकारक करा. त्याचा खर्च मंडळीला झेपणार नाही, तो शासनाने उचलावा.

या हंगामापुरतं पहिलं काम एकच: अर्ज गणेशचतुर्थीपर्यंत मागवा, मागच्या हंगामाच्या प्रयोगांचा पुरावा म्हणून देवस्थानाच्या मानकऱ्यांची सही ग्राह्य धरा आणि रक्कम दसऱ्याला जमा करा.

आपले विश्वासू,
दशावतारी मंडळ्यांचे हिशेब आणि कपडेपट सांभाळणारे,
सिंधुदुर्ग