चि. मिहिरला, त्याच्या बँडविषयी

वडोदरा

चि. मिहिर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वार्षिक समारंभात तुमचा बँड सत्तर-ऐंशीच्या दशकांतली गाणी वाजवणार आहे हे कळल्यापासून तुझ्याशी सविस्तर बोलावे असे मनात होते. परंतु जेवताना असले बोलणे तुटक होते, म्हणून लिहीत आहे. कीबोर्ड वाजवणारा तुमचा मित्र परीक्षेमुळे येऊ शकणार नाही आणि त्यामुळे मोबाइलवरचा तयार ट्रॅक लावून त्यावर गिटार व ड्रम वाजवावेत, असा विचार तुमच्यात चालला आहे. तसे करू नये, असे मला फार मनापासून वाटते.

शाळकरी मुलांचे बँड आपल्याहून जुन्या गाण्यांवर उभे राहतात, हे काही आजचे नाही. लिव्हरपूलच्या क्वॉरी बँक शाळेतल्या जॉन लेनन या मुलाने १९५६ साली मित्रांना जमवून ‘क्वॉरीमेन’ हा बँड काढला, तेव्हा इंग्लंडभर स्किफल या संगीताची लाट होती. ती लाट आणणाऱ्या लॉनी डॉनेगन यांचे सर्वांत गाजलेले गाणे अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात १९३४ साली तुरुंगातल्या कैद्यांकडून ध्वनिमुद्रित करून घेतलेले होते. म्हणजे ही मुले आपल्या जन्माआधीचे, समुद्रापलीकडचे गाणे म्हणत होती. वाद्ये विकत घेण्याची ऐपत फारशी कोणाची नव्हती, म्हणून कपडे घासायच्या पत्र्याच्या फळीवर बोटांत अंगुस्ताने घालून ताल धरायचा आणि चहाच्या रिकाम्या लाकडी पेटीला काठी व दोरी बांधून बेस करायचा, अशी स्किफलची रीतच होती. ६ जुलै १९५७ रोजी वुल्टन इथल्या चर्चच्या जत्रेत पॉल मॅकार्टनी या मुलांना भेटला, तेव्हा तो १५ वर्षांचा, म्हणजे तुझ्याच वयाचा होता. याच बँडमधून पुढे बीटल्स उभे राहिले आणि त्यांचे जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. मला महत्त्वाची वाटते ती चहाची पेटी. जे वाद्य नाही त्याची जागा काय घेईल, हे त्या मुलांना स्वतः कान लावून शोधावे लागले.

तुमच्या यादीतल्या राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांकडे पाहा. ‘यादों की बारात’ (१९७३) मधल्या तुमच्या आवडत्या गाण्याच्या आरंभी जो किणकिणाट ऐकू येतो तो काचेच्या ग्लासावर चमचा वाजवून काढलेला आहे, आणि ‘शोले’ (१९७५) मधल्या गाण्यासाठी अर्धवट भरलेल्या बाटल्यांच्या तोंडावर फुंकर घातलेली आहे. त्याआधी ‘पडोसन’मध्ये त्यांनी कंगव्याचा खरखरीत आवाजही तालासाठी वापरला होता. हे सारे आपल्या स्वयंपाकघरात मिळते! तयार ट्रॅकवर मात्र ते कोणीतरी आधीच करून ठेवलेले असते आणि तुमच्या हाती केवळ त्याच्यामागून जाणे उरते.

शिवाय ट्रॅकची पट्टी आणि लय तुमच्यासाठी ठरवलेली नसते. तुमच्यात गाणारी मुलगी आहे आणि गाणी बहुतेक किशोरकुमारांची आहेत. तिला ती मूळ पट्टीत म्हणायला लावले, तर मुखडा खाली दबतो आणि वरच्या सुरात घेतला तर अंतरा ओरडल्यासारखा होतो. आधी तिचा आवाज कोणत्या पट्टीत मोकळा लागतो ते पाहा आणि मग गिटारला कॅपो, म्हणजे तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा, लावून तिथे या. किशोरकुमारांचे यॉडलिंग, म्हणजे आवाज झटक्यात खालीवर उलटवत गाणे, तिने करून दाखवू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. ती जागा गिटारवर घ्यावी. आणखी एक गोष्ट म्हणजे त्या काळी गायक आणि वादक बहुधा एकाच स्टुडिओत एकाच वेळी बसून गाणे ध्वनिमुद्रित करीत, त्यामुळे लय किंचित पुढेमागे होते आणि गाणे जिवंत वाटते. एकमेकांकडे पाहत वाजवलेत, तरच ते तुमच्याकडूनही होईल.

कीबोर्डच्या जागी काय घ्यावे, यावर माझी सूचना अशी की आजीची पेटी, म्हणजे हार्मोनियम, न्यावी. लांब धरलेले सूर पेटीवर उत्तम निघतात आणि तुमच्या वर्गात पेटी शिकणारी एक मुलगी आहेच. पेटीचे सूर तुम्हाला हलवता येणार नाहीत, म्हणून गिटारच पेटीला लावून घ्या. ट्यूनरवर काटा मधोमध आला नाही तरी चालेल. कीबोर्डचे सुरुवातीचे तुकडे तू गिटारवर बसव. तुमच्या ड्रमवाल्याच्या हातात दरवर्षीच्या नवरात्रातली हींच, म्हणजे गरब्याचा ताल, पक्की बसलेली आहे, हे मी पाहिले आहे. एखाद्या गाण्यात त्याने ढोलक घेतले, तर ते गाणे वडोद्याच्या मुलांचे वाटेल.

प्रत्येकाने आपला भाग कागदावर लिहून काढावा, हेही सांगायचे होते. सुरसागर तलावासमोरच्या ज्या संगीत महाविद्यालयावरून तू रोज सायकलने जातोस, त्याची सुरुवात सयाजीरावांच्या काळात, १८८६ साली, मौलाबक्ष यांच्या संगीतशाळेने झाली. गाणे वर्गात अनेकांना एकत्र शिकवता यावे म्हणून त्यांनी स्वरलेखनाची स्वतःची पद्धत बसवली होती. तुम्हाला तेवढ्या बारकाव्याची गरज नाही. मुखडा किती आवर्तने, मधले संगीत कोणाकडे, कोणी केव्हा थांबायचे, एवढे लिहिले तरी तालमीतले निम्मे वाद मिटतील.

“आईबाबांच्या वेळची गाणी” म्हणून वर्गातली काही मुले हसतात, असे तू म्हणालास. नाझिया हसन हिने १९८० साली ‘कुर्बानी’साठी गायले, तेव्हा ती १५ वर्षांची शाळकरी मुलगी होती आणि संगीतकार बिद्दू यांनी ते गाणे लंडनमध्ये ध्वनिमुद्रित केले. त्या वेळचे ते गाणे तुमच्याच वयाच्या मुलीने गायलेले आहे, हे त्या मुलांना सांग.

शनिवारी दुपारी चारनंतर दिवाणखाना तुमच्यासाठी मोकळा ठेवते. शेजारच्या काकूंना मी कळवले आहे. त्यांची हरकत सातपर्यंत नाही. पेटी न्यायची आजीची परवानगी मात्र तू स्वतः माग, आणि भात्याला भोक पडले आहे का ते आधी तपासून घे, म्हणजे दुरुस्तीला शुक्रवारपर्यंत वेळ मिळेल.

तुझी,
आई