हिशेबाची वही

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्हाला न विचारता मी एक गोष्ट केली आहे आणि ती फोनवर सांगण्याचा धीर झाला नाही, म्हणून हे पत्र. आईच्या भरतकामाच्या संकेतस्थळावर गेल्या महिन्यापासून कार्डाने थेट पैसे भरण्याची सोय सुरू झाली आहे. आता कोणी खात्यात पैसे भरून पावतीचा फोटो पाठवणार नाही आणि तो फोटो भिंगाखाली धरून नाव, तारीख, रक्कम वहीशी ताडून पाहण्यासाठी तुम्हाला रात्री अकरापर्यंत बसावे लागणार नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितले ते आईने मला कळवले आहे. त्यासाठी तिच्यावर रागावू नका.

तुम्हाला लगेच आपले पैसे बुडवणारा तो चेक आठवेल. मी तेव्हा आठवीत होते आणि त्या महिन्यात घरात किती कमी बोलले जात होते, ते मी विसरलेले नाही. म्हणूनच करारावर सही करण्यापूर्वी चार महिने मी हा विषय समजून घेतला. तुमच्या वहीच्या शेवटच्या पानांवर पेन्सिलने लिहिलेली जी नावे आहेत, ज्यांनी नमुना पसंत केला, ‘पैसे कसे पाठवू?’ एवढे विचारले आणि पुन्हा कधी उत्तर दिले नाही, ती मी सगळी वाचली. त्यांना आईचे काम आवडले नव्हते असे नाही. बँकेत जाण्याचे उद्यावर ढकलले की मन उतरते, एवढेच. परदेशातून विचारणा करणाऱ्यांना तर आपण स्वतःच नाही म्हणत होतो.

ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक आपल्यापर्यंत येतच नाही. ग्राहक बटण दाबतो तेव्हा पेमेंट गेटवेच्या, म्हणजे कार्डाचे पैसे आपल्यापर्यंत पोहोचवणाऱ्या मध्यस्थ कंपनीच्या, पानावर जातो, तेथून त्याच्या बँकेकडे विचारणा होते आणि होकार आला की आपल्या हाती व्यवहाराचा क्रमांक व कार्डाचे शेवटचे चार आकडे एवढेच पडते. मोठ्या कार्ड कंपन्यांनी मिळून २००४ साली पीसीआय डीएसएस नावाची नियमावली केली. तिच्यानुसार कार्डावरचा तो छोटा गुप्त क्रमांक, म्हणजे सीव्हीव्ही, व्यवहार मंजूर झाल्यावर कोणत्याही विक्रेत्याला साठवून ठेवता येत नाही. जे आपल्याकडे नाहीच, ते आपल्याकडून चोरीला जाणार कसे?

एक गंमत खास तुमच्यासाठी. कार्डाच्या क्रमांकातला शेवटचा आकडा हा चक्क ताळा असतो. आयबीएममधील हान्स पीटर लून यांना या रीतीचे पेटंट १९६० साली मिळाले. उजवीकडून दर दुसरा आकडा दुप्पट करायचा, तो नऊच्या वर गेला तर त्यातून नऊ वजा करायचे आणि मग सगळ्यांची बेरीज दहाने निःशेष भागली गेली पाहिजे. ते वाचताना मला तुमच्या मांडीवर बसून केलेला नऊचा ताळा आठवला. हातचा विसरले की तुम्ही काही न बोलता पेन्सिल पुन्हा माझ्या हातात द्यायचात. हा ताळा मात्र चुकून दाबला गेलेला आकडा पकडतो, चोर पकडत नाही.

चोर आहेत, ते मी लपवणार नाही. दुसऱ्याच आठवड्यात एका पहाटे आईच्या सर्वांत स्वस्त नमुन्यासाठी दहा मिनिटांत तीसेक प्रयत्न झाले, प्रत्येक वेळी वेगळे कार्ड. चोरलेले कार्ड चालू आहे की नाही, हे अशा लहान विक्रेत्यांकडे तपासून पाहतात. बहुतेक प्रयत्न बँकांनीच नाकारले. दोन मंजूर झाले, त्यांचे पैसे मी त्याच सकाळी परत केले आणि लागोपाठच्या प्रयत्नांवर मर्यादा घातली. ग्राहकाच्या बँकेने त्याची ओळख पटवणेही आता मी सक्तीचे केले आहे. तशी ओळख पटवलेली असली, तर चोरीच्या कार्डाचा तोटा साधारणपणे त्याच्या बँकेवर जातो, आपल्यावर येत नाही.

खरी काळजी चार्जबॅकची आहे. ग्राहकाने आपल्या बँकेकडे ‘वस्तू मिळालीच नाही’ अशी तक्रार केली की रक्कम आपल्याकडून परत जाते, वर शुल्कही लागते, आणि मोठ्या कार्ड कंपन्यांच्या नियमांत पुष्कळ कारणांसाठी अशी तक्रार करण्याची मुदत १२० दिवसांपर्यंत असते. म्हणजे आलेला पैसा लगेच आपला म्हणता येत नाही. पण त्या चेकच्या वेळी तुमचे कोणी ऐकूनही घेतले नव्हते. येथे निदान पुरावा मांडता येतो. तक्रारी वाढल्या तर गेटवे पैसे अडवून ठेवू शकतो, म्हणून नवे खाते माझ्या एकटीच्या नावावर आहे. तुमच्या बचतीचे खाते याला कोठेही जोडलेले नाही, ते मी दोनदा तपासले आहे. आईचे पैसे पूर्वीप्रमाणेच पहिल्या तारखेला येतील, मग इकडे काहीही होवो. औषधांना किंवा नव्या चष्म्याला हात आखडता घेण्याचे कारण नाही.

आता आई, तुझ्यासाठी. वस्तू गुंडाळण्यापूर्वी तिचा फोटो काढायचा. टपालाची पावती डब्यात जपून ठेवायची, फेकायची नाही. ‘चुकून जास्त पैसे भरले, उरलेले दुसऱ्या खात्यावर पाठवा’ असे कोणी रडत सांगितले तरी पाठवायचे नाहीत; परतावा ज्या कार्डावरून पैसे आले त्याच कार्डावर जातो आणि तो मीच देणार. बँकेतून बोलतो म्हणणाऱ्याला ओटीपी सांगायचा नाही, आवाज कितीही गोड असला तरी. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून इतके बजावते आहे.

बाबा, वही मात्र बंद करू नका. महिन्याची यादी मी मोठ्या अक्षरांत छापून पाठवीन. रविवारी सकाळी, खिडकीजवळच्या खुर्चीत, उजेडात बसून ती तपासा, रात्री नाही. चूक सापडली तर लगेच फोन करा, कारण हातचा मी अजूनही विसरते.

तुमची,
चिमी