शनिवारचं ऑपरेशन थांबव

परळ, मुंबई

चि. सुमितला अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, "मांडीत चरबीची गाठ आहे, दुखत नाही, शनिवारी डॉक्टर काढून टाकणारेत." रात्रभर माझा डोळा लागला नाही.

नानामामाची गाठही दुखत नव्हती. डॉक्टरांनी हाताने चाचपली, चरबीचीच म्हणाले आणि कसलीही तपासणी न करता एका छोट्या नर्सिंग होममध्ये काढली. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात सार्कोमा, म्हणजे चरबी-स्नायूंसारख्या भागांत होणारा कॅन्सर, निघाला. मग टाटामध्ये पुन्हा ऑपरेशन. पहिल्या चिरेभोवतालचं चांगलं मांसही काढावं लागलं, वर रेडिएशन. मामा आज काठी घेऊन चालतो. बहुतेक गाठी साध्याच असतात रे, सार्कोमा फार विरळा. पण नुसत्या हाताने चाचपून ते ठरवू नये, एवढंच माझं म्हणणं.

माझ्या पाठीवरच्या गाठीची गेल्या वर्षी सोनोग्राफी झाली. थंडगार जेल लावलं, दहा मिनिटांत आटोपलं. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं: गाठ कातडीखालीच आडवी पसरलेली, आत कातडीला समांतर बारीक पांढऱ्या रेषा. प्रोब, म्हणजे अंगावर फिरवतात ती दांडी, दाबला की गाठ चपटी व्हायची. रक्तप्रवाहाचे रंग लावून पाहिले, तर जवळजवळ काहीच नाही. पाण्याची गाठ असती तर आत नुसता काळोख दिसला असता, असंही त्या म्हणाल्या.

तुझी गाठ मांडीत, म्हणून मला जास्त काळजी. ती स्नायूवरच्या पडद्याच्या वर आहे की खाली, हे आवर्जून विचार. माप लिहून घे. पाच सेंटीमीटरहून मोठी, पडद्याखाली खोल किंवा वाढत असेल तर एकट्या सोनोग्राफीवर थांबायचं नाही. आधी एमआरआय, मग सुईने तुकडा काढून तपासणी. ती सुई कुठून घालायची हेही पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनलाच विचारून, कारण सुईची वाटसुद्धा नंतर काढावी लागू शकते. आणि वाढतेय का, हे तू मला सांगितलंच नाहीस. कधीपासून आहे?

डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नकोस. आईने सोनोग्राफी करायला सांगितलंय, असं सरळ सांग. नाशिकला लवकर जमत नसेल तर शुक्रवारी सकाळच्या पंचवटीने ये. मी दादरला येते.

तुझी आई