काका, तुमच्यामुळे आमच्या नकाशावर गंगेला पूर आला

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

गेल्या शनिवारी रात्री पावणेबाराला, नकाशावरच्या गंगेला (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) पूर आलेला असतानाच, आमचा खेळ थांबला आणि तुम्ही "चला, झोपतो आता" म्हणत खाली निघून गेलात. मला धड आभारही मानता आले नाहीत. समोर येऊन मानले तर तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलणार, हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. घरबसल्या लांबच्या मित्रांना जमवून रोलप्लेइंग गेम खेळवणारे माझ्यासारखे बरेच जण आहेत. तुम्ही काय केलंत ते त्यांनाही कळावं असं मनापासून वाटतं.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गेम मास्टर, तो गोष्टीतलं जग सांभाळतो. बाकीचे एकेक पात्र होतात, काय करायचं ते बोलून सांगतात, आणि जमलं की फसलं ते बहुतेक वेळा वीस बाजूंचा फासा ठरवतो. अमेरिकेत 1974 मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' छापलं गेलं, तिथून हा खेळ वाढला. आमचा गट कॉलेजात असताना जमला आणि कितीतरी शनिवार नाशिकला, माझ्या इंदिरानगरच्या घरी बसला. मग एक जण मस्कतला गेला, एक हिंजवडीला, एकीचं लग्न होऊन ती सिन्नरला आणि एक ओझरला शिफ्टमध्ये अडकला. टेबल माझ्या घरी राहिलं, माणसं पांगली.

अशा वेळी व्हर्च्युअल टेबलटॉप कामाला येतं. नकाशा, टोकन (म्हणजे पात्राची सोंगटी), फासे, पात्रांचे तक्ते सगळं ब्राउझरमध्ये. मी 'फाउंड्री' घेतलं. त्याचे पैसे एकदाच भरावे लागतात, तेही फक्त गेम मास्टरने. खेळणाऱ्यांनी लिंक उघडली की झालं. पण ते स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवायचं असतं, आणि इथेच माझं घोडं अडलं. माझ्या लॅपटॉपवर सगळं उत्तम दिसायचं, बाहेरून मात्र एकालाही आत येता येत नव्हतं. 30000 नंबरचा पोर्ट, म्हणजे बाहेरच्यांनी आत यायचं दार, राउटरमध्ये उघडून झाला, फायरवॉल तपासून झाली. ब्रॉडबँडवाल्यांना तीनदा फोन केला, तिन्ही वेळा "राउटर बंद करून चालू करा" हेच उत्तर. दोन शनिवार असेच गेले. तिसऱ्या शनिवारी जिन्यात तुम्ही विचारलंत, "चेहरा का उतरलाय?"

काका, तुम्ही टेलिफोन खात्यात नोकरी केलीत एवढंच मला माहीत होतं. तुम्ही वर आलात, चष्मा पुसलात, राउटरचं पान उघडायला लावलंत आणि बाहेरच्या बाजूचा पत्ता वाचून लगेच म्हणालात, "100.72 ने सुरू होतोय. हा तुझा पत्ता नाहीच." मग जे सांगितलंत ते मी जसंच्या तसं वहीत लिहून ठेवलंय. वाड्याला दिंडी दरवाजा एकच, आत वीस बिऱ्हाडं. पत्रावर नुसतं वाड्याचं नाव असेल तर पोस्टमनने ते द्यायचं कुणाला? आयपी पत्ते पुरत नाहीत म्हणून कंपन्या शेकडो गिऱ्हाइकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. आतल्या बिऱ्हाडांना 100.64 ते 100.127 या पट्ट्यातले पत्ते मिळतात. मी माझ्या खोलीचं दार कितीही उघडं टाकलं तरी दिंडी माझ्या हातात नाही. त्यावरचा उपायही तुम्हीच त्याच भाषेत सांगितलात: बाहेरचा आत येऊ शकत नसेल, तर आतल्याने बाहेर जाऊन त्याचा हात धरून ठेवायचा. म्हणजे टनेल. माझा लॅपटॉप बाहेरच्या एका सर्व्हरशी स्वतःहून जोडलेला राहतो आणि मित्र त्या सर्व्हरच्या पत्त्यावर येतात. अर्ध्या तासात मस्कतहून पहिलं टोकन नकाशावर हललं. ते हललेलं पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तुम्ही पाहिलंत आणि काही बोलला नाहीत, त्याबद्दलही आभार.

एवढ्यावर थांबला असतात तरी मी जन्मभर ऋणी राहिले असते. पण तुम्ही विचारलंत, "आता यात खेळणार काय?"

मी म्हटलं, पूर. फाउंड्रीच्या 2024 मधल्या बाराव्या आवृत्तीत 'रिजन' नावाची सोय आली. नकाशावर हवा तसा पट्टा आखायचा आणि त्याला वागणं चिकटवायचं. टोकन त्यात शिरलं की खेळ थांबव, अक्षरं तरंगव, तिथला अंधार वाढव, नाहीतर टोकन दुसऱ्या नकाशावर नेऊन ठेव. जिना आखायचा तर हे शेवटचं फार उपयोगी. पहिल्या पायरीवर टोकन आलं की ते थेट माडीच्या नकाशावर. पुढच्या वर्षी तेराव्या आवृत्तीत चालण्याची किंमत बदलायची सोय आली. टोकन ओढतानाच किती अंतर पडेल ते दिसतं, आणि पाण्याच्या पट्ट्यातला एक चौकोन दोन चौकोनांएवढा महाग करता येतो. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात गोदावरीचा 1969 चा महापूर होता. राक्षस नाहीत, जादू नाही. भांडी बाजाराजवळचा एक वाडा, चार शेजारी, माडीवर अडकलेली एक आजी आणि काठावरच्या दुकानात राहून गेलेल्या चोपड्या.

नकाशा मी महिनाभर खपून काढला होता. रामकुंड, वर पायऱ्या चढून कपालेश्वर, नारोशंकराचं देऊळ आणि त्याची घंटा, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती, सराफ बाजार, सरकारवाडा. पाण्यासाठी नदीच्या काठाने एक लांब रिजन. दर काही वेळाने त्याची कड मी बाजाराकडे सरकवणार होते.

तुम्ही बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "तू पाणी काठावरून आणते आहेस. आमच्याकडे ते आधी मोरीतून आलं होतं."

त्या वाक्याने माझा अख्खा नकाशा बदलला. तुम्ही तेव्हा आठ वर्षांचे होतात, भांडी बाजारामागच्या बोळात राहत होतात, हे मला इतक्या वर्षांच्या शेजारात कळलं नव्हतं. आधी न्हाणीघरातली मोरी बुडबुडली. मग चौकात पाणी साचलं, आणि नदीकडची गल्ली तेव्हाही कोरडी होती. मोठी माणसं एकमेकांना ओरडून विचारत होती ती फूट-इंचांत नव्हे: मारुतीच्या गुडघ्याला लागलं का, कमरेला लागलं का, सरकारवाड्याच्या कितव्या पायरीला आलं. तुमच्या वडिलांनी तुम्हाला खांद्यावर घेतलं आणि आईने आधी देव उचलले, मग पिठाचा डबा. तुम्ही सांगत होतात आणि मी जुन्या खुणा पुसून नव्या मारत होते.

मग एक लांब रिजन काढून टाकून मी सात लहान रिजन आखले. दोन मोऱ्यांचे, एक चौकाचा, एक बोळाचा, बाकी घाटाचे. रिजनला तळ आणि माथा अशी उंचीही देता येते, हे मी वाचून विसरले होते. ते तुमच्या प्रश्नामुळे आठवलं: "माडीवरच्या माणसाला हे पाणी लागणार नाही ना?" नाही लागणार. बोळातल्या रिजनचा माथा दोन फूट ठेवला तर दहा फुटांवरच्या माडीवर उभं असलेलं टोकन त्याच चौकोनात असूनही कोरडं राहतं. म्हणजे पूर चढवायचा तर चित्राला हात लावायची गरज नाही, एक आकडा वाढवायचा. मारुतीचा घोटा, गुडघा, कंबर, छाती, गळा अशी आकड्यांची यादी आपण दोघांनी मिळून केली. ती अजून फ्रीजवर चिकटवलेली आहे.

कंदिलाचंही तसंच. नियमपुस्तकातला कंदील 30 फूट लख्ख दाखवतो आणि पुढे 30 फूट अंधुक. तुम्ही म्हणालात, असल्या पावसात कंदील आपल्या पायापुरता. मी तो दहावर आणला. आणखी एक उपकार तुम्ही सहज करून गेलात. सिन्नरला नकाशा उघडायला फार वेळ लागत होता, कारण 22 एमबीचं चित्र माझ्या लॅपटॉपवरून प्रत्येकाकडे जायचं आणि आपल्याकडचा अपलोडचा वेग बेताचा. "ओझं कमी कर, रस्ता रुंद होत नसतो," म्हणालात. चित्र वेबपी नावाच्या हलक्या फॉरमॅटमध्ये बदलल्यावर ते तीन एमबीवर आलं.

शनिवारी तुम्ही मागे खुर्चीत बसला होतात, काकूंनी दिलेल्या चिवड्याची वाटी हातात. मस्कतचा म्हणाला, "नदी अजून लांब आहे, मी दुकानात जाऊन चोपड्या आणतो." तो घाटाकडे गेला, आणि मी मागच्या मोरीचा रिजन चालू केला. चौकात उभ्या असलेल्या तिघांच्या डोक्यावर अक्षरं तरंगली, 'मोरी बुडबुडते आहे'. काही क्षण कुणीच बोललं नाही. मग सिन्नरची हळूच म्हणाली, "अरे, हे मागून येतंय." त्यानंतर दोन तास कुणी मोबाइलकडे पाहिलं नाही. ओझरच्याने टोकन बोळातून ओढलं, किंमत दुप्पट दिसली, तसा तो मागे फिरून छपरावरून गेला. मी आकडा वाढवून "कमरेला लागलं" एवढंच म्हणायचे आणि चौघांनाही कळायचं. चौघे नाशिकचेच आहेत, मारुतीची कंबर त्यांना समजावून सांगावी लागत नाही. फासा पडण्याआधी मी एकदा वळून पाहिलं तेव्हा तुमची वाटी तशीच भरलेली होती.

मी खूप वर्षं खेळ खेळवते आहे. नव्या सोयी आल्या की उत्साहाने शिकते, त्यांचे व्हिडिओ बघते. रिजन कसा आखायचा हे मला कुणीही शिकवलं असतं. पाणी आधी कुठून येतं हे सांगणारं मात्र तुमच्याशिवाय कुणी भेटलं नसतं. त्यासाठी, त्या अर्ध्या तासातल्या टनेलसाठी, आणि ज्या खेळाचं नावही तुम्ही कधी ऐकलं नव्हतं तो इतक्या आदराने समजून घेतलात त्यासाठी, काका, तुमचे मनःपूर्वक आभार.

आजी अजून माडीवरच आहे. चोपड्या दुकानातच आहेत आणि पाणी छातीला लागलंय. येत्या शनिवारी साडेनऊला पुढचा भाग. हिंजवडीची विचारत होती, वाड्याच्या मागच्या बाजूला दुसऱ्या वाड्याच्या गच्चीवर जाणारी फळी टाकता येण्याजोगी जागा होती का. मी तिला म्हटलं, काकांना विचारून सांगते. आठवत असेल तर कागदावर काढून ठेवाल का? मी दूध आणायला खाली येईन तेव्हा घेऊन जाईन.

काकूंना नमस्कार.

आपली,
वरच्या मजल्यावरची