डॉल्फिन प्रशिक्षकाचे खरे काम आणि ग्वाल्हेरच्या मुलांसाठी जवळची वाट

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या करिअर पुरवणीत डॉल्फिन प्रशिक्षकाच्या व्यवसायावर नुकताच एक लेख प्रसिद्ध झाला. आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी कुटुंबांत तो आवडीने वाचला गेला आणि ओळखीच्या घरांतील बारावीची मुले त्याविषयी विचारण्यासाठी माझ्याकडे आली. माझी सारी नोकरी पशुवैद्यकीय खात्यात झाली आणि तिच्यातील काही काळ प्राणिसंग्रहालयातील जनावरांवर उपचार करण्यात गेला, म्हणून ती माझ्याकडे आली असावीत. लेखात पोहण्याचे कौशल्य, धाडस आणि प्रेक्षकांसमोर बोलण्याची सफाई यांवर भर होता. या गोष्टी लागतातच. परंतु या कामाचा गाभा निराळा आहे, आणि तो समजला तर आपल्याकडच्या मुलांना त्याचा उपयोग परदेशी न जाताही करता येईल, असे मला मनापासून वाटते.

प्रथम एक वस्तुस्थिती सांगणे आवश्यक आहे, कारण तिचा उल्लेख लेखात नव्हता. भारतात आज ही नोकरी अस्तित्वात नाही. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने मे २०१३ मध्ये परिपत्रक काढून डॉल्फिनचे खेळ दाखवणाऱ्या केंद्रांना परवानगी देऊ नये, असे राज्यांना कळवले. हा प्राणी अतिशय बुद्धिमान व संवेदनशील आहे आणि मनोरंजनासाठी त्याला कोंडून ठेवणे नैतिकदृष्ट्या योग्य नाही, अशी भूमिका त्यात स्पष्टपणे मांडलेली होती. त्याआधी, १९९८ मध्ये, चेन्नईजवळच्या एका केंद्रात परदेशातून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच दगावले होते. आईवडिलांनी मुलांच्या भविष्याचा विचार या माहितीसह करावा.

आता मूळ कामाविषयी. फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीनजवळ १९३८ मध्ये सागरी प्राण्यांचे एक मोठे प्रदर्शन सुरू झाले आणि तेथे प्रेक्षकांसमोर डॉल्फिन ठेवण्याची प्रथा रुजली. पुढे वर्तनशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड यांनी बक्षीस देऊन वर्तन घडवण्याची प्रयोगशाळेतील तत्त्वे सागरी प्राण्यांच्या शिक्षणात आणली, आणि १९६०च्या दशकात हवाई बेटांवर कॅरेन प्रायर यांनी तीच पद्धत डॉल्फिनबरोबर काम करताना अधिक नेमकी केली. ही पद्धत डॉल्फिनच्याच बाबतीत इतकी पक्की का झाली, याचे कारण साधे आहे. घोड्याला लगाम घालता येतो, कुत्र्याच्या गळ्यात पट्टा बांधता येतो, हत्तीला अंकुश दाखवता येतो. डॉल्फिनला यांतले काहीच लावता येत नाही. त्याला नकोसे झाले की तो पाठ फिरवून तलावाच्या दुसऱ्या टोकाला निघून जातो. त्यामुळे जबरदस्तीचा मार्ग पहिल्या दिवसापासूनच बंद होता आणि प्राण्याने स्वतःहून सहभागी व्हावे, यासाठी काय करावे लागेल, हे शोधणे प्रशिक्षकांना भाग पडले.

त्या शोधातून शिट्टी आली. डॉल्फिन उडी घेतो तो क्षण अर्ध्या सेकंदाचा असतो आणि त्या क्षणी त्याच्या तोंडात मासा देणे शक्य नसते. तो पोहत परत येईपर्यंत आणखी चार हालचाली झालेल्या असतात, मग बक्षीस नेमके कशाचे मिळाले हे त्याला कसे कळावे? म्हणून आधी शिट्टी आणि मासा यांची सांगड त्याच्या मनात पक्की केली जाते, आणि मग हव्या त्या हालचालीच्या ऐन क्षणी शिट्टी वाजवली जाते. शिट्टी क्षणभर उशिरा वाजली, तर उडीऐवजी पाण्यात पडण्याची कृती शिकवली जाते. आमच्या ग्वाल्हेरात गाणे शिकलेल्यांना हे सहज समजेल: शिष्याचा स्वर नेमका लागतो त्याच क्षणी गुरूंच्या तोंडून ‘वाहवा’ निघाली, तर ती शिष्याला काही शिकवते, तालीम संपल्यावर केलेल्या कौतुकात ते बळ नसते. प्रशिक्षकाचे पहिले कौशल्य हे असे डोळ्यांचे आणि वेळेचे आहे.

दुसरे कौशल्य राग आवरण्याचे आहे. प्राण्याकडून चूक झाली, तर चांगला प्रशिक्षक ओरडत नाही, शिक्षा करत नाही, निराशाही दाखवत नाही. तो सुमारे तीन सेकंद शांत, निर्विकार राहतो आणि मग प्राण्याला सहज जमेल असे काहीतरी करायला सांगतो. वाचायला हे सोपे वाटते. पाळीव जनावर हाताळलेल्या कोणालाही विचारा, त्या तीन सेकंदांत काहीच न करणे किती कठीण असते ते तो सांगेल.

लेखात ज्याला ओझरता स्पर्शही झाला नाही ते काम म्हणजे मासळीचे. प्रशिक्षकाची सकाळ बादल्या, सुऱ्या आणि गोठवलेल्या मासळीच्या पेट्या यांच्यात सुरू होते. मासळी थंड जागी हळूहळू वितळवावी लागते, प्रत्येक मासा नजरेखालून घालावा लागतो, फाटलेला किंवा नरम पडलेला बाजूला काढावा लागतो आणि प्रत्येक प्राण्याचे खाणे तोलून वेगळ्या बादलीत भरावे लागते. गोठवलेल्या मासळीतील थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, नष्ट होत जाते. ते गोळीच्या रूपाने माशात घालून दिले नाही, तर प्राण्याच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो. नंतर भांडी व ओटे निर्जंतुक करणे, पाण्याचे तापमान व क्षारता पाहणे आणि प्रत्येक सत्राची नोंद लिहिणे ही कामे असतात. ज्या मुलाला नोंदवही लिहिण्याचा कंटाळा आहे, त्याने या व्यवसायाचा विचार करू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

पशुवैद्य म्हणून मला ज्याविषयी सर्वाधिक आदर वाटतो, ते मात्र याहून पुढचे आहे. नीट शिकवलेला डॉल्फिन रक्ताचा नमुना देण्यासाठी काठाशी येतो, पाठीवर उलटा होतो आणि शेपटीचा पंख प्रशिक्षकाच्या हातात देऊन शांत पडून राहतो. ही एक कृती उभी करायला कित्येक टप्पे लागतात. आधी शेपटीला नुसता स्पर्श, मग ती काही काळ धरून ठेवणे, मग स्पिरिटच्या बोळ्याचा गारवा, मग बोथट वस्तूचा दाब, मग अनोळखी डॉक्टर शेजारी उभा असणे, आणि हे सारे सवयीचे झाल्यावर सुई. मध्येच प्राण्याने शेपटी काढून घेतली, तर त्याला अडवायचे नाही. मागच्या टप्प्यावर जाऊन पुन्हा सुरुवात करायची. याच रीतीने तो सोनोग्राफी करू देतो, तोंड उघडून दात दाखवतो आणि डोक्यावरील श्वसनछिद्रातून जोराने श्वास सोडून तपासणीसाठी नमुना देतो.

हे वाचताना मला आपल्याकडची रीत आठवल्याशिवाय राहत नाही. हरणाला इंजेक्शन द्यायचे, तर चार माणसांनी जाळे घेऊन त्याच्यामागे धावायचे. चितळ किंवा काळवीट यांसारखे भित्रे जनावर असे धावले व धडपडले की भीती आणि श्रम यांनी त्याच्या स्नायूंची इतकी हानी होते की मूळ आजारातून वाचलेले जनावर पकडण्याच्या धक्क्याने दगावू शकते. बिबट्याला आखडत्या पिंजऱ्यात दाबायचे किंवा लांबून भुलीचे औषध मारायचे. आणि भूल म्हणजे प्रत्येक वेळी पत्करलेला धोकाच. ज्या केंद्रांत मी काम केले, तेथील कर्मचारी प्रेमळ होते, कित्येकांना प्रत्येक जनावराची चाल ओळखू येत असे, परंतु त्यांना हे शास्त्र कोणी शिकवलेच नव्हते. वाघाला काठीच्या टोकावरील चेंडूला नाक लावायला शिकवणे, जाळीला अंग टेकवून उभे राहायला शिकवणे, शेपटी बाहेर काढून घेऊ देणे, हे जगातील अनेक प्राणिसंग्रहालयांत नित्याचे झाले आहे. त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही; एक शिट्टी, एक काठी, रोजच्याच खाण्यातील थोडे तुकडे आणि शिकलेला माणूस एवढे पुरते.

डॉल्फिनच्या खेळांचे समर्थन करण्यासाठी मी हे लिहीत नाही. पद्धत कितीही मायेची असली, तरी रोज मैलोन् मैल पोहणारा आणि ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून भोवताल जाणून घेणारा प्राणी काँक्रीटच्या टाकीत आयुष्य घालवतो, ही गोष्ट पुसली जात नाही. शिवाय धोकाही खरा आहे. ऑरलँडो येथे २४ फेब्रुवारी २०१० रोजी डॉल्फिनच्याच कुळातील सर्वांत मोठ्या प्राण्याने, म्हणजे ऑर्काने, एका अनुभवी प्रशिक्षिकेचा जीव घेतला. अनुभव असूनही असे घडले, हे मुलांना सांगितलेच पाहिजे. २०१३ चा निर्णय मला योग्य वाटतो. मात्र खेळ नाकारताना त्या व्यवसायाने कमावलेले शास्त्रही आपण नाकारत आहोत, याची मला खंत वाटते.

आणि डॉल्फिनच पाहायचे असतील, तर ग्वाल्हेरकरांइतके भाग्यवान कोण? मुरैना व भिंड जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या चंबळेत गंगेचा डॉल्फिन आहे, ज्याला नदीकाठचे लोक सूंस म्हणतात. त्याच्या डोळ्यांत भिंगच नसते. गढूळ पाण्यात तो केवळ ध्वनीच्या आधारे मासे शोधतो. ऑक्टोबर २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून निवडण्यात आले. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या सर्वेक्षण अहवालानुसार देशात नदीतील डॉल्फिनची संख्या ६,३२७ असून राजस्थान आणि मध्य प्रदेश मिळून ती केवळ ९५ आहे. उपसलेले पाणी, आटणारे डोह, वाळूचा उपसा आणि मासेमारीची जाळी यांच्यामधून ही ९५ जनावरे टिकवायची आहेत.

या कामाला प्रशिक्षकाचीच नजर लागते. सूंस क्षणभर पाण्यावर येतो आणि नाहीसा होतो. नावेतून त्याची मोजणी करणाऱ्याला तासन् तास न कंटाळता पाण्यावर डोळे ठेवावे लागतात, पाण्याखालील ध्वनिग्राहकाची नोंद वाचावी लागते आणि दिसले नाही तेव्हा ‘दिसले नाही’ असेच प्रामाणिकपणे लिहावे लागते. उत्तर प्रदेशात पाटबंधाऱ्यांच्या कालव्यांत अडकलेल्या डॉल्फिनना बाहेर काढून नदीत सोडले जाते, तेव्हा त्वचा ओली ठेवणे, श्वसनछिद्रात पाणी जाऊ न देणे, गोंगाट टाळणे आणि मोजक्या मिनिटांत काम उरकणे या सगळ्यांसाठी प्राणी हाताळण्याचे पक्के शिक्षण असलेली माणसे हवी असतात. डिसेंबर २०२४ मध्ये आसाममध्ये गंगेच्या डॉल्फिनला प्रथमच उपग्रहाशी जोडलेले यंत्र लावण्यात आले, तेही अशाच हातांमुळे शक्य झाले.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, प्राणिसंग्रहालये चालवणाऱ्या महानगरपालिकांना आणि वनविभागाला: कर्मचाऱ्यांच्या वार्षिक प्रशिक्षणात बक्षिसाधारित शिक्षणाचा समावेश करावा आणि त्याची सुरुवात निदान हरणे व बिबटे यांच्या औषधोपचारापासून करावी. जो कर्मचारी हे शिकेल, त्याला त्या कौशल्याचा वेगळा भत्ताही मिळावा, कारण हे झाडलोटीच्या जोडीला फुकट करून घेण्याचे काम नाही. दुसरी विनंती आपल्याला आहे. महू आणि जबलपूर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांतील साडेपाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतील पदव्युत्तर शिक्षण आणि प्राणिशास्त्र घेऊन नदीच्या अभ्यासाकडे वळण्याचे मार्ग, या सर्वांची सविस्तर माहिती प्रवेश परीक्षांच्या वेळापत्रकासह आपल्या पुरवणीच्या पुढील अंकांत द्यावी. माझ्याकडे आलेल्या मुलांना मी तूर्त हिवाळ्यात एकदा चंबळेवर घेऊन जाण्याचे कबूल केले आहे. त्याआधी ही माहिती त्यांच्या हाती आली तर फार बरे होईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्य
लष्कर, ग्वाल्हेर