पेटीआधी यादी तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पक्षाच्या अध्यक्षपदाची निवडणूक लागली आणि गैरप्रकाराचे आरोप सुरू झाले की सगळी चर्चा मतपेटीभोवती फिरते. सील कुणी बदलले, केंद्रात कोण घुसले, गैरहजर माणसाचे मत कुणी टाकले. प्रश्न योग्यच आहेत. पण मतदार कोण, हे त्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेले असते आणि तिकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मराठवाड्यात ज्यांनी जिल्हा बँकेची निवडणूक जवळून पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. बँकेत सोसायटीतर्फे मत कोण टाकणार हे सोसायटीच्या ठरावाने ठरते; तो ठराव कुणाच्या नावाने निघाला एवढे कळले की पॅनेलवाले मतदानाआधीच आकडा सांगतात.

काँग्रेसची २०२२ ची अध्यक्षपदाची निवडणूक या दृष्टीने पाहण्यासारखी आहे, कारण तिथले आक्षेप चहाच्या टपरीवर विरून गेले नाहीत, कागदावर आले. १७ ऑक्टोबरला मतदान, १९ ला मोजणी. मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७ मते, शशी थरूर यांना १,०७२, आणि बाद ४१६. मोजणीच्या दिवशीच थरूर यांच्या बाजूने सलमान सोझ यांनी पक्षाच्या निवडणूक प्राधिकरणाचे प्रमुख मधुसूदन मिस्त्री यांना लिहिलेले पत्र बाहेर आले. उत्तर प्रदेशात पेट्यांना अधिकृत सील नव्हते, केंद्रात अनधिकृत माणसे होती, लखनौत हजर नसलेल्यांच्या नावावर मते पडली, मतदानाचे गोषवारे भरले गेले नाहीत, असे आरोप त्यात होते. मिस्त्रींनी ते फेटाळले, आणि ‘माझ्यासमोर तुमचा एक चेहरा व माध्यमांत दुसरा’, असा उलट टोलाही थरूर यांच्या बाजूला दिला. खर्गे आणि थरूर यांच्यातले अंतर ६,८२५ मतांचे. एका राज्याची सगळी मते बाद केली असती तरी अध्यक्ष खर्गेच झाले असते.

तरीही त्या चार आरोपांतला गोषवाऱ्याचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि चर्चा सर्वांत कमी त्याचीच झाली. विधानसभेला केंद्राध्यक्ष नमुना १७-सी, म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांचा हिशेब, भरतो आणि त्याची प्रत उमेदवाराच्या प्रतिनिधीला देतो. मतपत्रिकेच्या निवडणुकीत तोच हिशेब मतपत्रिकांचा असतो: आल्या किती, वापरल्या किती, खराब किती, उरल्या किती. पेटी उघडल्यावर आतला आकडा कागदावरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. सीलचेही तसेच. सील चढवताना प्रतिनिधीने क्रमांक टिपला असेल तर दिल्लीत पेटी पोचल्यावर तो ताडून बघता येतो. क्रमांकच नसलेले, बाजारातून आणलेले सील असेल तर वाटेत पेटी उघडून पुन्हा बंद केली काय आणि नाही केली काय, दोन्ही सारखेच दिसते. म्हणजे गडबड झाली असे सिद्ध होत नाही आणि झाली नाही असेही होत नाही. पराभूत बाजूला आयुष्यभर बोलायला जागा मिळते.

त्यात भर म्हणजे सर्व राज्यांच्या मतपत्रिका मोजणीआधी एकत्र मिसळल्या गेल्या. हेतू चांगला होता. कोणत्या राज्याने कुणाला मत दिले हे कळू नये, नंतर कुणावर राग निघू नये. पण एकदा मिसळल्या की पेटीवारी पुरावा संपला. औरंगाबाद पदवीधर मतदारसंघाच्या मोजणीला गेलेल्यांना यावरचा उपाय ठाऊक आहे: आधी पेटीनिहाय मतपत्रिका फक्त मोजायच्या, हिशेबाच्या कागदाशी जुळवायच्या, मग गठ्ठे बांधून मिसळायचे आणि त्यानंतरच कुणाला किती हे बघायचे. गुप्तता राहते आणि पुरावाही राहतो. खर्च शून्य, वेळ फार तर अर्धा दिवस.

बाद मतांबद्दल थोडे. ४१६ म्हणजे मोजलेल्या ९,३८५ पैकी शंभरात चारांहून अधिक. मतपत्रिकेवर नावे दोनच होती आणि मतदार कोण, तर ब्लॉकाब्लॉकातून (ब्लॉक म्हणजे पक्षाचे साधारण तालुका पातळीवरचे एकक) निवडून आलेले प्रदेश प्रतिनिधी! पसंतीच्या उमेदवारासमोर ‘१’ लिहायचे असे आधी ठरले होते. खर्गेंचे नाव मतपत्रिकेवर पहिल्या क्रमांकावर असल्याने गोंधळ होईल, अशी हरकत थरूर यांच्या बाजूने घेतली गेली आणि ऐनवेळी बरोबरची खूण करायची असा बदल झाला. हरकत बरोबर होती. पण असा बदल मतदानाच्या तोंडावर झाला तर तो शेवटच्या मतदारापर्यंत पोचेलच याची खात्री कोण देणार? खूण कशी करायची हे उमेदवारी अर्ज सुटण्याआधी ठरायला हवे, आणि नमुना मतपत्रिका प्रत्येक मतदाराच्या हातात आधी पडायला हवी.

आता यादीकडे. काँग्रेसमध्ये सर्वसाधारणपणे एका ब्लॉकमागे एक प्रदेश प्रतिनिधी, आणि अध्यक्ष निवडणारे हेच. असे देशभरात ९,००० हून जास्त. ही यादी सुरुवातीला फक्त प्रदेश कार्यालयांत बघायला मिळेल असे सांगण्यात आले. थरूर, मनीष तिवारी, कार्ती चिदंबरम, प्रद्युत बोरदोलोई आणि अब्दुल खालिक या पाच खासदारांनी मागणी केल्यावर ती २० सप्टेंबरपासून मिस्त्रींच्या कार्यालयात ठेवली गेली. अर्ज २४ पासून ३० पर्यंत. पुढे हातात आलेल्या याद्यांत कित्येकांचे फोन नंबर नाहीत, अशी तक्रार थरूर यांनी केली. मतदार कोण हेच उमेदवाराला नीट कळत नसेल तर प्रचार करायचा कुणाकडे आणि हरकत घ्यायची कुणावर? अर्जाला दहा प्रतिनिधींच्या सह्या लागतात. त्या निवडणुकीत आलेल्या २० अर्जांपैकी चार सह्यांच्या घोळामुळे बाद झाले. झारखंडचे के. एन. त्रिपाठी यांचा एकच अर्ज होता, तो एका सूचकाची सही न जुळल्याने आणि दुसऱ्याची दोनदा आल्याने गेला, आणि ते रिंगणाबाहेर पडले. छाननी कडक झाली हे ठीक. तीच छाननी मतदार यादीची झाली असती तर बरे झाले असते.

खालच्या पातळीवर घोळ कसा होतो ते सरळ आहे. सदस्य नोंदणीची पावती पुस्तके तालुक्याच्या पुढाऱ्याकडे येतात. काँग्रेसची वर्गणी पाच रुपये. पुढारी एकगठ्ठा पैसे भरतो आणि कार्यकर्ता विधानसभेची मतदार यादी समोर ठेवून नावे उतरवतो. पुस्तकभर एकच हस्ताक्षर, एका गल्लीतल्या तीस जणांना एकच मोबाइल नंबर, आणि अधूनमधून एखादा मयत. ॲपवर नोंदणी आली म्हणून हे थांबले असे समजू नये. केरळात २०२३ च्या युवक काँग्रेस निवडणुकीत ॲपवरून बनावट मतदार ओळखपत्रे तयार केल्याचा आरोप झाला, पोलिसांत गुन्हा दाखल झाला आणि अटकाही झाल्या. पुढे ब्लॉकला बैठक होते, तिथे ‘एकमताने’ नाव ठरते आणि यादी वर जाते. एकमत कधी झाले, बैठकीला कोण होते, इतिवृत्तावर कुणाच्या सह्या आहेत, हे विचारणारा बंडखोर ठरतो.

हे एकाच पक्षाबद्दल लिहिले म्हणून बाकीच्यांनी हसू नये. काँग्रेसमध्ये निदान मते मोजली जातात. १९९७ ला सीताराम केसरी ६,२२४, शरद पवार ८८२, राजेश पायलट ३५४ आणि २००० ला सोनिया गांधी ७,४४८, जितेंद्र प्रसाद ९४, असे आकडे तरी सांगता येतात. भाजपच्या घटनेत राष्ट्रीय अध्यक्षाच्या नावाला मतदारमंडळातले २० सूचक आणि निवडणुका पूर्ण झालेली किमान पाच राज्ये लागतात. नियम चांगला आहे, पण अध्यक्ष बिनविरोधच ठरत आल्याने तो मतमोजणीपर्यंत कधी पोचत नाही. शिवसेनेचा निकाल देताना १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने पक्षाच्या २०१८ च्या घटनादुरुस्तीवर ताशेरे ओढले, संघटनेतले बहुमत मोजायला भक्कम आधारच नाही असे ठरवले, आणि शेवटी धनुष्यबाण आमदार-खासदारांच्या संख्येवर गेला. ६ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादीच्या बाबतीतही निर्णायक ठरले ते लोकप्रतिनिधींचेच संख्याबळ. पक्षाची यादी आणि पक्षातली निवडणूक विश्वासार्ह नसली की गावोगावच्या शाखाप्रमुखाला किंमत राहत नाही, एवढे तरी या दोन निकालांतून कार्यकर्त्यांनी ओळखावे.

आयोग हे सगळे का तपासत नाही, असे पत्रांतून वारंवार विचारले जाते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-ए नुसार आयोग पक्षाची नोंदणी करतो आणि घटनेत ठरावीक मुदतीत निवडणुकांची तरतूद आहे का ते बघतो. पण एकदा नोंदणी झाली की मोजके अपवाद वगळता ती रद्द करण्याचा अधिकार आयोगाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले आहे. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही कायद्यात आणण्याची शिफारस केली होती, ती अजून तशीच पडून आहे. त्यामुळे तूर्त जे काही करायचे ते पक्षाच्या सदस्यांनाच करावे लागणार.

आणि अवघड काहीच नाही. गावातल्या विकास सोसायटीची निवडणूक राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाच्या नियमांनी होते. आधी प्रारूप यादी लागते, हरकतींना मुदत मिळते, निर्णय लेखी होतो, मग अंतिम यादी. तेरा संचालकांसाठी आपण हे करतो. देश चालवू पाहणाऱ्या पक्षाने ब्लॉकची प्रारूप यादी वडिलांचे नाव, गाव आणि फोनच्या शेवटच्या चार आकड्यांसह तालुका कार्यालयाच्या भिंतीवर निदान पंधरा दिवस लावावी. हरकतीची पोच द्यावी. हरकत ऐकणारा निवडणूक अधिकारी दुसऱ्या जिल्ह्यातला असावा, आणि तो मुक्कामाला स्थानिक आमदाराच्या बंगल्यावर नसावा.

मराठवाड्यापुरती आणखी एक गोष्ट. बीड, परभणी, जालना, धाराशिव भागातली हजारो कुटुंबे दसऱ्यानंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नोंदणीची पडताळणी याच महिन्यांत ठेवली की दाराला कुलूप असलेल्या घरातली नावे कुणीही कुणाच्याही खात्यावर दाखवू शकतो, आणि शहानिशा करायला गावात माणूस नसतो. २०२२ चे मतदान नेमके दसरा आणि दिवाळीच्या मध्ये होते. त्यात महाराष्ट्राचे केंद्र मुंबईत, टिळक भवनात. किनवट किंवा देगलूरच्या प्रतिनिधीला देवगिरी नाहीतर नंदीग्राम एक्स्प्रेसने रात्र काढून एक खूण करायला जावे लागते. तिकीट कोण काढून देतो, यावर मत कुठे जाते हे बऱ्याचदा कळते. महसूल विभागाच्या ठिकाणी, म्हणजे छत्रपती संभाजीनगरला, एक केंद्र दिले तरी हा प्रकार निम्मा कमी होईल. पुढच्या वेळी कोणत्याही पक्षाने वेळापत्रक काढताना पडताळणी दसऱ्याआधी उरकावी किंवा गुढीपाडव्यानंतर ठेवावी, ही मागणी तालुका समित्यांनी आत्ताच ठराव करून वर पाठवावी आणि त्या ठरावाची पोच घ्यावी.

आपला,
एक वाचक, परभणी